वळणावरचे अठ्ठेचाळीस रूळ

“मॅडम, बोट फिरवून पाहा,” लटारूजी म्हणाले. “वरून नाई. आतून.”

मी गुडघे टेकून बसले आणि वळणाच्या बाहेरच्या रुळावर, आतल्या कडेनं अंगठा फिरवला. जिथे सरळ उभी कड हवी, तिथे उतार झाला होता. साबणाची वडी एकाच बाजूनं वापरत राहिलं की होते तशी त्या रुळाची गत झाली होती. अंगठ्याला काळी, चमचमती भुकटी लागली.

“हे काय?”

“पीठ,” ते म्हणाले. “चाक घासते आन् रूळ दळते. सकाळी पुसून घेतो, संध्याकाळी पुन्हा पडलेलं असते. आता गाड्या आणखी भारी होनार म्हनता. मंग हा किती दिवस पुरंन, तुमीच सांगा. तुमी शिकलेल्या.”

एक्याण्णव सालचा मार्च महिना होता. चंद्रपूरकडचा आमचा पिपरडोह वीज प्रकल्प, आणि कोळशाच्या खाणीपासून प्रकल्पापर्यंत अकरा किलोमीटरची आमची स्वतःची रेल्वे लाईन. मी त्या लाईनीवरची सहायक अभियंता, कालिंदी आठल्ये. वय अठ्ठावीस, माहेर-सासर दोन्ही पुण्याचं, नवरा नागपूरला बँकेत. अख्ख्या प्रकल्पात हेल्मेट घालून उन्हात हिंडणारी बाई मी एकटी, आणि ही गोष्ट कुणी विसरलं तर मी त्याला विसरू देत नसे.

लटारूजी निखाडे आमच्या गँगचे मेट, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या बारा माणसांचे मुकादम. चौथी शिकलेले, निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलेलं. मी रुजू झाले तेव्हा ऑफिसातले लोक मला “बाई, तुम्ही सावलीत बसा” म्हणायचे. लटारूजींनी मला पहिल्याच आठवड्यात हातोडी दिली आणि रूळ ठोकून ऐकायला शिकवलं. धड रूळ कसा बोलतो, तडकलेला कसा बोलतो, हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही, त्यांनी शिकवलं. साइटवर कुणी माझी टिंगल केली तर ते फक्त म्हणायचे, “आमच्या मॅडम हायेत त्या,” आणि समोरचा गप्प बसायचा.

मे महिन्यात प्रकल्पाचा नवा संच सुरू व्हायचा होता. मग कोळशाच्या गाड्या दुप्पट येणार, डबेही जास्त भरलेले येणार. लाईनीवर होते जुने नव्वद पौंडी रूळ. ते काढून नवे टाकायचे होते, आणि कुठे कोणता टाकायचा हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. रुळाची ओळख त्याच्या वजनावरून असते. एक मीटर तुकडा बावन्न किलो भरला तर तो बावन्नचा, साठ भरला तर साठचा; जुने नव्वद पौंडी मीटरला जेमतेम पंचेचाळीस किलो भरत. गँगची माणसं त्यांना बावन्नी आणि साठी म्हणत. बावन्नी आमच्या यार्डात पडून होते. साठी मागवावे लागणार होते आणि ते मोजकेच मिळणार होते.

मी हिशेब केला. चढावर तीनशे मीटरचं ते एकच वळण होतं, आणि भरलेली गाडी आपला सगळा भार तिथे बाहेरच्या रुळावर टाकत होती. वळणावर साठी, बाकी सगळीकडे बावन्नी, असा प्रस्ताव मी केला. तो मंजूर झाला. अठ्ठेचाळीस नग साठी येणार असं कळलं त्या दिवशी मी स्वतः वळणावर गेले आणि गँगसमोर सांगितलं, “साठी इथेच पडणार. माझा शब्द.”

लटारूजी गँगकडे वळून म्हणाले, “ऐकलं ना बे? मॅडमचा शब्द हाये.”

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात साठीचा माल आला आणि दुसऱ्याच दिवशी सबनीस साहेबांनी मला बोलावलं. सबनीस आमचे उपमुख्य अभियंता. माणूस गोड बोलायचा. इतका गोड, की त्यांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर आपण नक्की काय कबूल केलं हे आठवायला थोडा वेळ लागायचा.

“आठल्येबाई, साठीचा माल बघितलात? काय देखणा आहे! मी म्हणतो, तो उद्घाटनाच्या मंडपासमोर टाकू या, कोळसा उतरतो तिथे.”

“सर, तो वळणासाठी आहे.”

“अहो, वळणावर कोण बघायला जाणार आहे? मंत्री येणार, पहिली गाडी मंडपासमोर येऊन थांबणार, आणि तिच्याखाली काय? दोन पावसाळे यार्डात भिजून तांबारलेले बावन्नचे रूळ? बरं दिसतं का ते?”

“पण लटारूजी म्हणतात की वळणावरचे रूळ आता…”

“लटारूजी!” ते हसले. “साठी आली त्यांची. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगाच नाही.”

मीही हसले. हे मला आजही स्वच्छ आठवतं. त्यांच्या हसण्यात मी माझं हसू मिसळलं, आणि माझ्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती.

“आणि एक ठरवलंय,” सबनीस म्हणाले. “पहिल्या गाडीला हिरवं निशाण तुम्ही दाखवायचं. मंत्र्यांच्या शेजारी उभं राहून. मुंबईचे वार्ताहर येतायत. लाईनीवरची पहिली बाई अभियंता! फोटो पहिल्या पानावर येईल बघा. फक्त हे रुळांचं कारण कागदावर नीट मांडा. तुमचा विषय, तुमची सही. मी मध्ये पडत नाही.”

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं जातंय हे कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. कळत होतं, आणि तरी मी भराभर चढले. त्याच दुपारी मी टिपण लिहिलं: गाडी थांबताना आणि सुटताना रुळांवर येणारा ताण विचारात घेता जड रूळ कोळसा उतरवण्याच्या जागी वापरणे युक्त ठरेल. थांबताना-सुटताना ताण येतो हे खरंच आहे. पण वळणावरच्या ताणापुढे तो काहीच नाही, आणि ते वाक्य मी लिहिलं नाही.

मंडपाजवळ माल उतरत होता तेव्हा लटारूजी सायकल दामटत आले. सायकल तशीच टाकून माझ्यापाशी उभे राहिले.

“मॅडम, माल इकडं कायले उतरवून राहिले?”

“कार्यक्रमासाठी.”

“उभ्या गाडीखाली रूळ नाई मरत जी. चालत्या गाडीखाली मरते, तेही मोडीवर.” वळणाला ते मोड म्हणायचे. “तुमीच तं हिशेब केला होता.”

आजूबाजूला ट्रकवाले होते, हमाल होते. मंडपाचे बांबू पुरणारी माणसं कान देऊन ऐकत होती. मला वेळ मारून न्यायची होती.

“तात्पुरतं आहे हो, लटारूजी. कार्यक्रम झाला की पंधरा दिवसांत काढून वळणावर नेऊ.”

हे मी उभ्या उभ्या रचलं. असं कुणी ठरवलं नव्हतं आणि ठरणारही नव्हतं. एकदा टाकलेले रूळ पुन्हा खर्च करून कोण उखडतो?

लटारूजींनी जरा विचार केला. “मंग आत्ता मोडीवर बावन्नी टाकून घेऊ का? इथं साठी पडले तं तेवढे बावन्नी वाचतेच. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. नव्वद पौंडीपेक्षा तं बरे.”

गोष्ट तिथे सुधारता आली असती. ‘हो, टाका’ एवढंच म्हणायचं होतं. पण बावन्नी वळणावर पडले की साठी तिकडे कधीच जाणार नाहीत हे उघड झालं असतं, आणि मी आत्ताच थाप मारली हेही. लटारूजींच्या डोळ्यांसमोर उघडं पडायचं मला धाडस नव्हतं. म्हणून मी त्यांची काळजी करायला लागले.

“दोनदा मेहनत कशाला? साठीचा तळ रुंद, बावन्नीचा अरुंद. सगळी बांधणी दोनदा बदलावी लागेल. या उन्हात गँगचे हाल कशाला करता? पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.”

ते हसले. गँगचा विचार केला म्हणून त्यांना बरं वाटलं होतं.

“बराबर हाये. तुमचा शब्द हाये तं थांबतो.”

कार्यक्रम झाला. मी निळी साडी नेसून मंत्र्यांशेजारी उभी राहिले, निशाण दाखवलं, फोटो छापून आला. पहिल्या पानावर नाही, पाचव्या. दोरखंडाच्या पलीकडे आमची गँग धुतलेल्या कपड्यांत उभी होती आणि लटारूजी दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होते.

पंधरा दिवसांनी ते माझ्या ऑफिसच्या दारात आले. “मॅडम, साठीचं काय झालं?”

“वर लिहिलंय. परवानगी येऊ द्या.”

मी काहीही लिहिलं नव्हतं. पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. दर शनिवारी पगारी रजिस्टरवर सह्या झाल्या की ते दारात उभे राहायचे आणि मी फायलीतून डोकं वर न काढता म्हणायचे, “वर लिहिलंय.” जूनमध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी रंगवून वळणाआधी लावली, गाडी हळू न्या म्हणून. ड्रायव्हर मंडळी आठवडाभर पाटीला जागली. नंतर कोळसा कमी पडू लागला, वरून घाई आली, आणि पाटी नुसती उभी राहिली. जुलैत ते म्हणाले, “मॅडम, नसंन होत तं तसं सांगा. आमी बावन्नी टाकतो. पावसात टाकू, काई नाई होत.”

“आठ दिवस थांबा,” मी म्हणाले.

आता वाटतं, त्या वेळी तरी खरं बोलले असते तर फार तर ते माझ्यावर नाराज झाले असते. मला त्यांची नाराजी नको होती. त्यांनी मला ‘आमच्या मॅडम’ म्हणत राहावं, एवढ्यासाठी मी बारा माणसांना आणि रोजच्या सात गाड्यांना त्या झिजक्या रुळावर ठेवलं.

ऑगस्टच्या एकोणीस तारखेला, दुपारी दोनच्या सुमाराला, भरलेली गाडी वळणावर असताना बाहेरचा रूळ तुटला. नऊ डबे कलंडले. खाली उतारावर आमचा चावीवाला देवराव, म्हणजे रोज लाईन चालून बोल्ट-चाव्या ठोकणारा गडी, भाकर खात बसला होता. वरून डबे येताना बघून त्यानं नाल्यात उडी घेतली म्हणून जिवावरचं हातावर निभावलं. उजवा हात कोपरातून मोडला, तो पुढे कधीच सरळ झाला नाही. मी पोचले तेव्हा लटारूजी त्याचा हात आपल्या उपरण्यात बांधत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गाठ मारायला लागले.

सप्टेंबरात चौकशी बसली. मुंबईहून आलेले अधिकारी पांढऱ्या केसांचे, शांत बोलणारे होते. अतिथिगृहाच्या हॉलमध्ये लांब टेबल मांडलं होतं. एका बाजूला ते, त्यांच्याशेजारी सबनीस, समोर मी आणि लटारूजी. लटारूजींना खुर्ची दिली होती, पण ते उभेच राहिले.

“निखाडे, मंडपापाशी जड रूळ टाकल्यामुळे बावन्नचे अठ्ठेचाळीस रूळ उरले. बरोबर?”

“होय जी.”

“चार महिने ते यार्डात पडून होते. वळण खराब झालंय हे तुम्हाला माहीत होतं. मग ते तिथे टाकले का नाहीत?”

“साठी येनार होते म्हनून थांबलो.”

“साठी येणार असं कोण म्हणालं?”

“मॅडम.”

“लेखी काही?”

“नाई जी. तोंडी.”

अधिकारी माझ्याकडे वळले. सबनीसांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती, आणि त्यांना बोलायचं कारणही नव्हतं. टिपणावर सही माझी होती.

“मॅडम, तुम्ही असं सांगितलं होतं?”

‘हो’ म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली नसती. एखादी वेतनवाढ थांबली असती, शेरा बसला असता. पण ‘बाईमाणसाला जमलं नाही’ असं लोक म्हणाले असते, आणि त्या एका वाक्याची मला इतकी धास्ती होती की दुसरं काही सुचेचना. असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावत आले. खरं म्हणजे मी घाबरले होते, आणि समोरचा माणूस चौथी शिकलेला होता. बाईमाणूस असण्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

“असं काही बोलल्याचं मला आठवत नाही,” मी म्हणाले.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मग लटारूजींनी घसा साफ केला.

“मंग माह्याच समजण्यात काई चुकी झाली असंन, साहेब. मॅडम खोटं कायले बोलतीन?”

मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. टोमणा असता तर मला चिडता आलं असतं, आणि चिडल्यावर माणसाला पुष्कळ सोपं जातं. पण टोमणा नव्हता. रूळ बरोबर बसला की नाही हे सांगताना ते जसे बोलायचे, तसंच ते बोलले होते.

निकाल लागला. लटारूजींचं मेटपण काढून घेतलं आणि त्यांना गँगमध्ये साधा गँगमन केलं. नोकरीचे आठ महिने उरलेले असताना, ज्या माणसांना त्यांनी फावडं धरायला शिकवलं होतं त्यांच्या ओळीत ते गिट्टी ओढायला उभे राहिले. माझ्या टिपणाबद्दल अहवालात एक ओळ होती: जड रुळांची जागा तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय. नोव्हेंबरात माझी मुख्यालयात बदली झाली, बढतीवर. पुढे रुळांच्या निवडीवर व्याख्यानं द्यायला लोक मला बोलवत असत. वजन किती, पोलाद कसलं, वर्षाला किती टन माल जाणार, वळण केवढं, हे सगळं मी फार छान समजावून सांगत असे.

जायच्या आधीच्या रविवारी मी लटारूजींच्या गावी गेले. एरवी सलवार-कमीजमध्ये वावरणारी मी त्या दिवशी मुद्दाम साडी नेसले होते. कुणाच्या घरी माफी मागायला जाताना नीट जावं, असं काहीतरी डोक्यात होतं. जीपमध्ये सगळी वाक्यं घोकली होती.

अंगण सारवलेलं होतं. लटारूजी बाजेवर बसून दोरी वळत होते. मला पाहून उठले. आतून त्यांची बायको पार्बताबाई हात पुसत बाहेर आली.

“ह्याच काय जी त्या मॅडम?”

“ह्याच,” लटारूजी म्हणाले.

तिनं पुढे येऊन माझे दोन्ही हात धरले. “मायबाई, तुमचे लय उपकार झाले. ह्यांची नोकरीच जात होती म्हने. तुमी साहेबासंगं भांडल्या म्हनून वाचली. पेन्शन वाचली. म्हातारपनी आमी कोनाच्या दारात गेलो असतो?”

मी लटारूजींकडे पाहिलं. ते बाजेवरची दोरी गुंडाळत होते.

“चहा ठेव,” ते बायकोला म्हणाले, आणि ती आत गेली.

“लटारूजी, मी…”

“बसा.” त्यांनी बाज झटकली. “घरी काई सांगितलं नाई मी.”

“का?”

“गँगले म्याच सांगितलं होतं, मॅडमचा शब्द हाये, थांबा. बारा मानसं माह्या भरवशावर थांबली. देवराव पार्बताच्या बहिनीचा पोरगा हाये. त्याचा हात गेला. आता तुमचा शब्द खोटा निंघाला म्हनून सांगू, तं माहा कुठं खरा राह्यते?” ते हळू आवाजात बोलत होते, आत ऐकू जाऊ नये म्हणून. “तुमी भांडल्या म्हटलं तं तिले झोप लागते. देवरावही म्हनते, चला, निदान मॅडमनं साथ देल्ली.”

“मी सांगते त्यांना. आत्ता सांगते खरं काय ते.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

“सांगाचं होतं तं तिथं सांगाचं होतं, मॅडम. इथं सांगून मोकळ्या तुमी व्हान. आमाले त्याच्यासंगं इथंच राहा लागंन.”

जीपमध्ये घोकलेलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

पार्बताबाई बाहेर आली ती चहा घेऊन नाही. हातात सूप होतं. सुपात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि घडी न मोडलेला हिरवा खण. तिनं अंगणात पाट मांडला.

“बदली झाली म्हने तुमची. बसा बाई पाटावर. आमाले लेक नाई. पन घरून लेक चालली तं तिले रिकामी जाऊ देतेत का कोनी?”

मी लटारूजींकडे बघितलं. त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं होतं. मी पाटावर बसले. तिनं हळद लावली, कुंकू लावलं, मग तांदळाची ओंजळ भरून घेतली आणि थांबली.

“पदर पुढं करा ना, बाई.”

मी पदर पुढे केला.